नऊवर सात मिनिटं

अळ्या अंड्यांतून बाहेर पडल्या त्याच सकाळी परीक्षा दोन आठवडे पुढे गेली.

बापाने सगळं नीट जुळवून आणलं होतं. गावात त्याला वेळापत्रक म्हणत, ते काही उगाच नाही. पोरीची परदेशातल्या कॉलेजसाठीची परीक्षा शनिवारी होती, म्हणून रेशमाची अंडी त्याने यंदा मुद्दाम दोन आठवडे उशिरा उचलली. रविवारी अळ्या फुटायच्या आणि पुढच्या शनिवारी बरोबर दुसऱ्या कातीवर बसायच्या. कातीवर बसलेली अळी दिवसभर पाल्याला तोंड लावत नाही. तेवढ्यात पोरगी शहरात जाऊन परीक्षा देऊन येईल आणि मग घरातली चारही माणसं शेडमध्ये राबायला मोकळी. त्यापायी बॅच उन्हाच्या तोंडी जात होती, पण त्याला इलाज नव्हता.

पोरगी पिसाने मुंगीएवढ्या अळ्या ट्रेमध्ये सारत होती तेव्हा फोन वाजला. तिने हात पुसला, वाचलं, परत वाचलं.

"बाबा, केंद्रात काहीतरी तांत्रिक अडचण आहे म्हणतात. परीक्षा दोन आठवडे पुढं."

बापाने बोटांवर मोजायला सुरुवात केली. एका हाताची संपली, दुसऱ्याची संपली, पुन्हा पहिल्यावर आला आणि मध्येच थांबला. एकविसावा दिवस. चौथी कात टाकून अळ्या शेवटच्या आठवड्यात शिरतात, तेव्हा जन्मभराचा पाला त्या एका आठवड्यात खातात. त्या आठवड्यात घरातला माणूस आजारीसुद्धा पडत नाही.

"त्यांना सांग, जमणार नाही म्हणून."

"कुणाला सांगू? ते परदेशात बसलेत."

"मग अळ्यांना सांगू का?"

तिने परीक्षा घेणाऱ्या कंपनीला लिहिलं. उत्तर लगेच आलं, तिच्या भावना ते समजू शकतात आणि तिचा दिवस चांगला जावो. दुसऱ्या केंद्रावर जागा नव्हती. त्याच्यानंतरची परीक्षा होती, पण तोवर तिकडच्या कॉलेजचा अर्ज बंद होत होता. ते एकच कॉलेज असं होतं, जे चांगले मार्क मिळवणाऱ्या बाहेरच्या पोरांची फी, राहणं, खाणं सगळं स्वतःकडे घेई. एकदाच बसायचं, एकदाच निघायचं. नाहीतर इथेच विळा आणि तुती.

परीक्षेच्या अर्जात तिच्या नावापुढे आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनी असं छापून आलं होतं. ते आत्याने वाचल्यापासून घरात पोरीला दुसरं नाव उरलं नव्हतं. आत्या म्हणजे बापाची थोरली बहीण. नवऱ्यामागे माहेरी आली ती शेडचीच झाली. जीभ विळ्यापेक्षा धारदार.

"अहो आंतरराष्ट्रीय," ती म्हणाली, "तोंड पाडून उभ्या राहू नका. चुना चाळायचाय."

कातीच्या वेळी अळ्यांवर भुरभुरायचा चुना पोरगी चाळायला बसली. राग इतका आला होता की चाळणी भिंतीवर आपटावी असं वाटत होतं, पण चाळणी एकच होती.

अभ्यासाची जागा पाल्याची खोली. तोडलेला पाला सुकू नये म्हणून भिंतींना ओली गोणपाटं टांगलेली, जमिनीवर पाणी शिंपडलेलं. घरात तेवढीच खोली गार. दुपारी दोनचा पाला टाकून झाला की पोरगी शाळेतल्या गणिताच्या बाईंनी दिलेला जुना लॅपटॉप घेऊन तिथे बसे. वहीची पानं दमट होऊन पेन रुते. तिच्या पाठीमागे, पालथ्या टोपलीवर, बाप बसे.

त्याला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. सातवीत शाळा सुटलेली. पण पडद्यावर वरच्या बाजूला घड्याळ उलटं पळतं आणि खाली प्रश्नाचा नंबर येतो, एवढं त्याने पहिल्याच दिवशी हेरलं. पस्तीस मिनिटं, बावीस प्रश्न, आणि गणिताचे असे दोन भाग. तो दोन्हींवर नजर ठेवून असे. मध्ये बोलत नसे, खोकायचं झालं तरी बाहेर जाऊन येई.

एक ते आठ भराभर जात. मग नऊ आला की तो नंबर हलेनासा होई. पोरगी वहीत लिही, खोडे, परत लिही. मान खाली, कान लाल. पाठीमागे बाप श्वास धरून बसलेला. सात मिनिटांनी नऊचा दहा झाला की तो टोपलीवर सैल होई.

"आलं का?"

"आलं."

"मग झालं तर. सोडलं नाहीस ना?"

"नाही."

घड्याळ शून्यावर आलं तेव्हा ती सोळाव्यावर होती. उरलेले सहा तिने पाहिलेसुद्धा नव्हते. दुसऱ्या दिवशी अकरावा अडला. तिसऱ्या दिवशी पुन्हा नऊच. मार्क जिथल्या तिथे, चिखलात रुतलेल्या बैलासारखे. त्या कॉलेजला लागणारा आकडा अजून कितीतरी वर होता.

गणिताच्या बाई सायकलवरून आल्या तेव्हा अळ्या तिसऱ्या कातीवर बसल्या होत्या. बाई शेडमध्ये शिरल्या नाहीत. बाहेरच्या माणसाने आत यायचं नाही, पायाला लागून रोग येतो, हे त्यांना ठाऊक होतं. ओसरीवर बसून त्यांनी वही पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"अगं, हे राहिलेले सहा बघ. यातले चार तुला येतात. चार! आणि तू नऊला चिकटून बसलीस. सोडायचा आणि पुढं जायचं."

"सोडवत नाही, बाई."

"सोडवत नाही म्हणजे काय?"

आता ते कसं सांगणार. आठ वर्षांची असताना पोरगी खेळायच्या नादात एक ट्रे चुकवून पळाली होती. एकच. एकदा ट्रे उपाशी राहिला की त्यातल्या अळ्या मागे पडतात. बाकीच्या कातीवर बसतात तेव्हा ह्या खात राहतात, बाकीच्या उठतात तेव्हा ह्या बसतात, आणि कोष धरायची वेळ आली की सगळ्या बॅचचा मेळ जातो. बाप ओरडला नाही की त्याने मारलं नाही. तो ट्रे त्याने वेगळा काढला आणि बॅच संपेपर्यंत तिच्या एकटीकडून सांभाळून घेतला. पहाटेसुद्धा तिलाच उठवायचा. तेव्हापासून तिचा हात ओळीतलं काही ओलांडून पुढे जात नाही.

"शिस्त आहे ती," बाप दारातून म्हणाला. "मीच लावलीय."

"अहो, शेडमध्ये शिस्त ठीक आहे. इथं घड्याळ आहे. येत नसेल ते सोडावं, आणि शेवटी वेळ उरली नाही तर चारातलं एक उत्तर ठोकून द्यावं. चुकलं तर मार्क कापत नाहीत."

"ठोकून? न बघता?"

"न बघता."

"म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे! आणि एवढ्या लांबचं कॉलेज त्याला मार्क देतं?"

"लागलं तर देतं."

बापाचा चेहरा असा झाला, जसं कुणी त्याला दुधात पाणी घालायला शिकवावं. तो दारातून आत वळला. बाई पाहुण्या होत्या.

पण खरा भडका उडाला तो इंग्रजीच्या उताऱ्यावरून. सरावाच्या एका पेपरात चक्क रेशमाच्या अळ्यांवर उतारा आला. पोरीला वाटलं, देव पावला. मिनिटभरात तिने तिन्ही प्रश्न सोडवले आणि तिन्ही चुकले. उताऱ्यात लिहिलं होतं की अळी जन्मल्यापासून कोष धरेपर्यंत क्षणभरही न थांबता खाते. प्रश्न होता, अळी खाणं कधी थांबवते. पोरीने कातीच्या वेळचं उत्तर दिलं. जे रोज डोळ्यांनी बघते ते.

"तुला काय माहीत आहे ते त्यांनी विचारलेलंच नाही," बाई म्हणाल्या. "उताऱ्यात काय आहे ते विचारलंय."

"पण उताऱ्यात चूक आहे!"

"असू दे."

"असू दे कसं?" बाप ओसरीवर आला. "खोटं लिहिलंय आणि पोरीनं त्याला मान डोलवायची? त्यांना पत्र लिहा. म्हणावं इथं या, चार दिवस शेडमध्ये राहा. आता ह्या घटकेला आत चाळीस ट्रे कातीवर बसलेत. एक तरी खाताना दाखवा, मी बॅच तुमच्या नावावर करतो."

आत्या आतून हसली. आईसुद्धा हसली. पोरगी मात्र उठून पाल्याच्या खोलीत गेली, गोणपाटाला डोकं टेकून उभी राहिली आणि रडली. घरात जे बरोबर ते तिथे चूक. घरात जे पाप ते तिथे शहाणपण. दोन्हीकडे एकाच डोक्याने कसं वागायचं, हे कुणी सांगत नव्हतं.

चौथी कात टाकून अळ्या उठल्या आणि त्याच दिवशी ऊन चढलं. दोन आठवडे उशिराची बॅच, तिचा हिशोब आता ऊन घेत होतं. तुतीची वरची पानं कोमेजून लोंबायला लागली, खालची जाड, करकरीत झाली. पहाटे तोडलेला पाला आठापर्यंत पायाखाली चुरचुरे. अळ्या आता बोटाएवढ्या झालेल्या. पाला टाकला की सगळ्या शेडभर बारीक कुरकुर चालू होई आणि तासाभरात काड्या उरत. मग त्या माना वर करून इकडे तिकडे हलवत राहत.

पहाटे पाच, सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सात. चार वेळा पाला, चार माणसं. दोघांनी तोडायचा, दोघांनी टाकायचा. पोरीच्या बोटांना तुतीचा चीक बसून काळपट सालं निघाली होती. विळ्याच्या मुठीने तळहाताला आलेला फोड फुटला, त्यावर चुना गेला, ती नुसती फुंकर मारत राहिली. दुपारी लॅपटॉप उघडला की डोळे आपोआप मिटत. बाप पाठीमागे टोपलीवर बसायचा बंद झाला. त्याला वेळच नव्हता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी खालच्या वाडीतल्या नर्सरीवाल्याकडून पाला यायचा होता. शब्द दिला होता त्याने. दहा वाजले तरी गाडी आली नाही. बाप स्वतः गेला आणि मोकळ्या हातांनी परत आला.

"काय म्हणाला?" आईने विचारलं.

"म्हणाला, माझीच झाडं करपली. म्हणाला, वेळापत्रक, तुझी बॅच यंदा एवढी उशिरा कशी?" बापाने तोंडावर पाणी मारलं. "लोक हसत होते तिथं बसलेले."

आत्याला तेवढं निमित्त पुरलं. "हसणारच! वेळच्या वेळी अंडी आणली असती तर आत्ता कोष विकून हातपाय पसरून बसलो असतो. सगळं हिच्या परीक्षेपायी. आणि परीक्षा काय, तर खोट्या उताऱ्याला हो म्हणायचं!"

"मग नाही जात मी!" पोरीने हातातली टोपली आपटली. "नकोच मला. मला सोडता येत नाही, मार्क येत नाहीत, जाऊन तरी काय दिवे लावणार? उद्या मी पाला तोडते. झालं समाधान?"

आई खाली सांडलेला पाला गोळा करत होती. एकेक पान झटकून तिने टोपलीत भरलं आणि मग शांतपणे म्हणाली, "तू उद्या गेली नाहीस, तर चाळीसच्या चाळीस ट्रे मी माझ्या हाताने खड्ड्यात ओतीन. मग बसा सगळे चुना चाळत."

ती कधी आवाज चढवत नसे. म्हणून सगळ्यांना ते खरं वाटलं. बाप रॅककडे बघत उभा होता. ओठ हलत होते, काहीतरी मोजत होता.

सकाळी पाचची बस. पोरगी निघाली तेव्हा तिघंही शेतात होती, अंधुक उजेडात विळ्यांचा आवाज तेवढा येत होता. शेडच्या दारातून तिने आत पाहिलं. पहिली ओळ खात होती. बाकीच्या ओळींत अळ्या माना वर करून बसल्या होत्या. तिचा पाय आत वळला. मग आईचं बोलणं आठवलं आणि ती पळतच फाट्यावर गेली. बाई बसमध्ये जागा धरून होत्या.

केंद्र म्हणजे एका मोठ्या शाळेचा हॉल, काचेची दारं, आत थंडगार. दारावरच्या बाईने पासपोर्ट पाहिला, फोटो पाहिला आणि मग बोटं पाहिली.

"हात धुऊन या."

"धुतलेत."

"मग हे काय आहे? शाई? काही लिहून आणलंय का?"

"चीक आहे. जात नाही तो."

तिला बाजूला उभं केलं. एका माणसाला बोलावलं. त्याने तिचे हात सुलटे बघितले, उलटे बघितले, बोटांची पेरं टॉर्च मारून बघितली, तळहातावरच्या फोडावर अंगठा फिरवून बघितला. रांगेतली मुलं बघत होती. गोऱ्या, मऊ हातांची. एवढं अपमानासारखं तिला आयुष्यात काही वाटलं नव्हतं. शेवटी त्याने मान हलवली आणि ती आत गेली.

इंग्रजी बरं गेलं. एका उताऱ्यात लेखकाचं म्हणणं तिला साफ पटलं नाही, पण तो म्हणतो तेच तिने दिलं आणि दात आवळले. गणितात सात अडला. नेहमीपेक्षा दोन आधी. तिने मांडलं, खोडलं, परत मांडलं. कान तापले. घड्याळ पळत होतं. एक मिनिट, दोन, साडेतीन. बोट पुढच्या बटणावर ठेवलं तरी दबेना.

मग तिला एकदम संताप आला. आपण आज सकाळी भुकेल्या ट्रेच्या ओळी टाकून इथे आलो. आई, बाप, आत्या तिघांवर चौघांचं काम टाकून आलो. एवढं सगळं सोडून आलेली मुलगी एक प्रश्न सोडू शकत नाही? तिने बटण दाबलं. चोरी केल्यासारखं वाटलं, आणि पडद्यावर आठ आला. आठ सोपा होता.

त्या दिवशी ती पहिल्यांदा बाविसाव्या प्रश्नापर्यंत पोचली. दोन्ही भागांत.

परत यायला संध्याकाळ झाली. उन्हाचा कडाका अजून उतरला नव्हता. फाट्यापासून ती भरभर चालत आली ती थेट शेडकडे. सातचा पाला अजून व्हायचा होता, पण तिला दारातच काहीतरी वेगळं वाटलं. कुरकुर चालू होती. ह्या वेळेला कधी नसते. दोनला टाकलेला पाला अजून पुरत होता.

मग तिने बघितलं, डावीकडचे दोन रॅक रिकामे होते. ट्रे धुऊन भिंतीला उभे करून ठेवलेले.

आत्या उजवीकडच्या रॅकपाशी उभी होती. तिने पोरीकडे बघितलं. नुसती मान मागच्या अंगणाकडे केली.

मागे खड्डा होता. ताजी माती, वरून चुना. कडेला चुना नीट पडला नव्हता तिथून दोन-तीन अळ्या अर्ध्या बाहेर आल्या होत्या. धडधाकट, पांढऱ्या, गुबगुबीत. चार दिवसांत कोष धरणाऱ्या. चुन्याने माखलेल्या माना वर करून त्या हलत होत्या. बाप फावडं घेऊन शेजारी बसला होता. हातांना कोपरापर्यंत चुना.

"बाबा, हे... रोग आला?"

"रोग नाही. पाला नव्हता. चाळीसांना अर्धपोटी घातला असता तर एकाचाही कोष धड झाला नसता." त्याने कडेच्या अळ्यांवर फावड्याने माती सारली. "तू गेल्यावर दुसरी ओळ टाकून झाली आणि बघितलं, तीन माणसांचं हे काम नाही."

"मी असते तर—"

"असतीस तरी पाला नव्हताच. उगाच डोक्यात घेऊ नकोस."

हे अर्धं खरं होतं आणि अर्धं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. पोरीला त्याच्यावर राग आला. कंपनीवर आला, उन्हावर आला, नर्सरीवाल्यावर आला आणि सगळ्यात जास्त स्वतःवर आला. एक ट्रे चुकवला म्हणून ज्याने आठ वर्षांच्या पोरीला पहाटे उठवलं होतं, तो माणूस खड्ड्याच्या काठावर बसला होता, आणि त्याला शिव्या द्याव्या की त्याच्या गळ्यात पडावं, हे तिला कळत नव्हतं.

"किती सोडलेस?" बापाने विचारलं. वर बघितलं नाही.

"चार."

"मी सोळा ट्रे."

बापाने उरलेला चुना फावड्याने कडेवर ओढला.

"त्या चारांचं काय केलंस मग?"

"शेवटी ठोकले. न बघता."

बाप उठला. गुडघे कडकडले. फावडं त्याने भिंतीला लावलं आणि चुन्याचे हात तसेच दूर धरून उभा राहिला.

"बरं केलंस," तो म्हणाला.